शिवला तो बाद

मी त्याच्या खांद्याला शिवलो आणि दम टिकवून मधली रेघ ओलांडून परत आलो. हुतूतूत शिवलं की गडी बाद. बाहेर जाऊन गुमान बसायचं. हा गिरगावचा पोरगा बसला नाही. सरळ मैदानाच्या नळावर गेला. खांदा धुतला. तेवढ्यानं भागेना, म्हणून माती चोळून पुन्हा धुतला. मग बसला. लोक हसले. कुणाला हसले, ते मला विचारू नका.

दादरला निवड चालली होती. आपला खेळ दाखवायला एक संघ परदेशी जाणार होता. गिरणीतली पाळी बुडवून मी आलो होतो. आई म्हणाली होती, "जा बाबा, आपलं एक तरी माणूस बोटीत बसू दे."

सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव आणि पत्ता पुकारला. परळमधल्या आमच्या चाळीचं नाव ऐकलं की जात विचारावी लागत नाही. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. पण चाळ तीच होती ना!

पुढच्या चढाईला सगळे कोपऱ्यात. मी हात पुढे केला की मागे सरकायचे. कुणी पाय धरेना, कुणी कंबर धरेना. हुतूतू हुतूतू करत मी एकटाच नाचतोय. अरे, धरा रे कुणीतरी!

राग कशाचा आला सांगू? त्या पोराला मी ओळखत होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी बसून पडला, तेव्हा पाठीवर घेऊन मीच त्याला गल्लीत आणलं. माझ्या गळ्यात हात घालून रडत होता साला. तेव्हा नाही आठवला नळ.

यादी वाचली. माझं नाव नाही. निवड करणाऱ्या साहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "अरे, तुला कोणी धरलंच नाही. तुझा खेळ आम्हाला कळणार कसा?"

आणि वर त्यांचंच भाषण! "चिमुकले देश पदकं लुटून नेतात, आणि आपण एवढे कोटी लोक हात हलवत परत येतो. का? आपल्यात दम नाही." टाळ्या पडल्या.

मी उठलो.

"दम आहे, साहेब. निम्मे लोक तुम्ही रेघेबाहेर ठेवता, आणि उरलेल्यांत खेळाडू शोधता. ते देश असं करत नसतील."

"ए, खाली बस!" कुणीतरी ओरडलं. मी बसलो नाही. तसाच चालत परळला आलो.

तेव्हापासून मी चढाई सोडली. मैदान नाही सोडलं. आता पकडीला उभा राहतो. येऊ दे कुणालाही, कुठल्याही वाडीचा असू दे. कमरेला मिठी मारतो, मातीत लोळवतो, दम सुटेपर्यंत सोडत नाही.

मग जा खुशाल नळावर. नुसत्या खांद्यावर भागायचं नाही. अख्खं अंग धुवावं लागेल.