टाकीत डोकावणारे धर्मगुरू

खाण्यात वापरायचं आमचं रसायन त्यांच्या धर्माच्या नियमांत बसतं का, हे पाहायला एक वृद्ध ज्यू धर्मगुरू दरवर्षी बोईसरच्या कारखान्यात येत. काळा लांब कोट घामानं भिजला तरी काढत नसत. समोर फोडलेल्या शहाळ्याशिवाय आमचं काही घेत नसत.

एकदा ते टाकीची शिडी चढू लागले. "बाबा, शिडी ओली हाय, जाऊ नका," नवापूरचा ऑपरेटर म्हणाला. त्यांच्या नियमाप्रमाणे टाकी उकळत्या पाण्यानं धुतल्याचा, माझ्या सहीचा कागद मी पुढे केला.

"युद्धात माझ्या वडिलांना नेलं," ते तुटक इंग्रजीत म्हणाले, "तेव्हाही सही केलेला कागद दाखवला होता. कामाला नेतोय म्हणून."

ते चढत राहिले. सही माझीच होती, पण टाकीत मी डोकावलो नव्हतो. कागद खिशात कोंबला आणि त्यांच्यामागे चढलो.