मिलवॉकीचं फ्रेंच चर्च आणि मेणाचं घर

"बाबा, जायच्या आधी मला ते चर्च बघायचंय," सई म्हणाली, आणि मी शनिवारचं सगळं कॅन्सल केलं. सई आमची एकुलती एक, आर्किटेक्चर शिकते. पुण्याहून इथे आली तेव्हा धड बोलतही नव्हती. आता एकवीस पूर्ण होतायत, म्हणजे आमच्या व्हिसावरून बाद. ग्रीन कार्डाची रांग हलत नाही, स्टुडंट व्हिसाचा अर्जही नाकारला. वकील सॉरी म्हणाला. त्या सॉरीचंही बिल आलं.

आमच्या नेपरव्हिलहून मिलवॉकी दोनेक तास. टोलचा रस्ता घ्या, बर्फ लवकर साफ करतात. सोबत दशम्या होत्या, पण डबा कुणी उघडला नाही.

चर्च विद्यापीठाच्या आवारात आहे. तिकीट नाही, पार्किंगला मात्र मीटर. एवढंसं, पण छप्पर उंच आणि उतरतं. दारात माझी बायको नीता सवयीने बूट काढायला वाकली, सईने तिला हाताला धरून आत नेलं. टोकदार कमानी, जाड भिंती, जमिनीत एका सरदाराच्या थडग्याची शिळा.

सई सांगत होती. हे मूळचं फ्रान्समधलं, पंधराव्या शतकाच्या सुमाराचं, पडीक झालेलं. गेल्या शतकात दगडांवर नंबर घालून ते उतरवलं आणि बोटीने न्यूयॉर्कजवळ एका श्रीमंताच्या इस्टेटीवर आणून उभं केलं. पुढे परत उतरवून इथे. "दे ईव्हन मेड इट लाँगर, बाबा."

"दगडांना बरा कुणी व्हिसा विचारला नाही."

"बाबा, प्लीज."

एका दगडावर म्हणे एक संत ओठ टेकवून गेली, म्हणून तो जास्त गार लागतो. मला सगळे सारखेच गार लागले.

नीता बांद्र्याची. तिथल्या चर्चमध्ये मतमाउलीला जे मागायचं त्याचा मेणाचा आकार वाहतात. तिने मेणबत्त्या वितळवून घर केलं होतं, ते पर्समधून काढून तिने त्या दगडापाशी ठेवलं. देखरेखीच्या वयस्कर बाई लगेच आल्या. "सॉरी मॅम, इथे काही ठेवता येत नाही."

"ठेवू द्या हो, लेकीसाठी आहे," नीता चक्क मराठीत म्हणाली. बाईंनी ते घर हळूच उचलून तिच्या हातात दिलं. मला भयंकर राग आला, आणि तो काढायला कुणी नव्हतं.

परवा सई गेली. बॅग भरताना नीताने कपड्यांत गुंडाळून ते घर आत ठेवलं. "बांद्र्याला जाऊन तूच वाहा गं."

पोरीला इथे राहू दे, एवढं मागायला पोरीलाच तिकडे पाठवावं लागलं.