ती कार्डं कुसुमची

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. देवासहून भाचा श्रीकांत बोलत होता. "मामा, आई गेली. सकाळी चहा घेतला, आणि..." अर्धी दाढी तशीच ठेवून मी धारहून निघालो. ती माझी धाकटी बहीण. आधी जायचा मान माझा होता, तो तिने परस्पर घेतला, आणि दुःखापेक्षा त्याचाच मला वाटभर राग येत होता.

तेराव्याचं जेवण झाल्यावर देवासच्या घरी चार लोक बोलले. धारहून आमच्या क्लबचा सेक्रेटरी महेश आला होता. वयाने मुलासारखा, भला माणूस. तो उभा राहून म्हणाला, "सुनंदाताईंनी आपल्या बंधूंच्या छंदाला आयुष्यभर साथ दिली. भाऊसाहेबांचा निळ्या टीमच्या कार्डांचा संग्रह म्हणजे आपल्या धारची शान. त्यात ताईंचाही खारीचा वाटा आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तिथेच बसलो होतो, हातात चहाचा कप घेऊन, आणि चहा प्यायलो. तिथे जे बोलायला हवं होतं ते आता या पानावर बोलतो. तो संग्रह माझा नाही. कधीच नव्हता. तो कुसुमचा आहे, आणि कोणाचा खारीचा वाटा असलाच तर तो माझा.

सुनंदा आणि कुसुम एकच. धारला माहेरी ती कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि देवासला ती सुनंदा झाली. मी तेवढा शेवटपर्यंत कुसुमच म्हणत राहिलो.

ज्यांनी निळी टीम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. संस्थानाच्या काळापासून धारला हॉकीची एक टीम होती. संस्थान गेलं, टीम राहिली. खेळाडूंत कोणी बसचा मेकॅनिक, कोणी शाळेत ड्रिलमास्तर, कोणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. निळे शर्ट धुऊन धुऊन आभाळी झालेले. किल्ला मैदानावर मॅच असली की बाजार अर्धा रिकामा व्हायचा. देवासच्या एका बिडी कारखान्याच्या मालकाला हॉकीचं वेड होतं. त्याने या खेळाडूंचे रंगवलेले फोटो छापले आणि बिडीच्या प्रत्येक बंडलात एकेक घालायला सुरुवात केली. काडेपेटीहून जरा मोठं कार्ड, पुढे खेळाडू, मागे बिडीची जाहिरात. रंगवणाऱ्याने सगळ्यांचे ओठ लालभडक केले होते, जणू अख्खी टीम पान खाऊन मैदानात उतरली आहे. पण त्या कार्डांवरचे चेहरे आमचे होते, आणि त्याआधी आमच्या गावातल्या माणसांचे फोटो कोणी छापले नव्हते.

आमचे वडील, तात्या, आधी संस्थानच्या दप्तरात आणि मग कलेक्टर कचेरीत. घरात सोवळंओवळं. मुलीने मैदानावर जायची सोय नव्हती. कुसुम मॅच पाहायची ती मैदानाजवळच्या मावशीच्या गच्चीवरून, पापड वाळत घालायच्या निमित्ताने. मावशी म्हणायची, "या पोरीमुळे माझ्याकडे बारा महिने पापड वाळतात." मी मॅचहून घरी आलो की माझी उलटतपासणी व्हायची. गोल कोणी केला हे तिने कधी विचारलं नाही, ते गावभर ओरडून सांगितलेलं असायचं. "पास कोणाचा होता?" हा तिचा प्रश्न. मला बहुधा आठवायचं नाही, मग गच्चीवरून पाहिलेलं तीच मला सांगायची. तिचा लाडका खेळाडू बाबू पेंटर, लेफ्ट-हाफ. त्याने गोल केलेला कोणाला आठवत नाही. सेंटर-फॉरवर्ड हीरालालचं मी कौतुक करायला लागलो की ती म्हणायची, "बाबू नसला तर तुझा हीरालाल काय करेल, चेंडूची आरती?"

अडचण होती ती कार्डांची. बिडीचं बंडल आमच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. मी टांगेवाल्यांकडून मागून दोन-चार आणली, हे खरं. पण त्या गतीने टीम पुरी झाली नसती. वाट कुसुमने शोधली. रोज सकाळी पूजेची फुलं घेऊन जमनाबाई यायची. तिचा नवरा त्याच कारखान्याच्या बिड्या ओढायचा. तिचा मुलगा धामनोदला ट्रकवर क्लीनर होता. त्याला हिंदीत पत्र लिहायचं, त्याचं आलेलं वाचून दाखवायचं हे काम कुसुमने पत्करलं, आणि बदल्यात नवऱ्याच्या बंडलातलं कार्ड ठरलं. पानाच्या पुड्यात फुलांच्या खाली ते यायचं. जमनाबाई दारातूनच आवाज द्यायची, "बेन, आज तो पैडवालो आयो है." म्हणजे पायांना पॅड बांधलेला गोलकीपर युसुफ. आईला वाटायचं हे एखाद्या फुलाचं नाव. पुढे जमनाबाईने आपल्या आळीतल्या सगळ्या पुरुषांना दम भरला, "बिड़ी तम पियो, फोटू म्हारी बेन को." अशा रीतीने आमच्या देवांच्या फुलांना कित्येक महिने तंबाखूचा वास येत होता, आणि देवांनी कधी तक्रार केली नाही.

मग एका सकाळी कुसुमला ताप होता आणि पुडा थेट तात्यांच्या हाती गेला. मंत्र म्हणत त्यांनी मोगऱ्याची ओंजळ वाहिली, आणि बाळकृष्णाच्या शेजारी गोलकीपर युसुफ उभा. मंत्र थांबला. तात्यांनी कार्ड उलटून मागची जाहिरात वाचली. "या घरात बिडी कोण ओढतं?" कुसुम अंथरुणातून उठून दारापर्यंत आली होती. तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं. ती खरं सांगणार होती. त्या महिन्यात तिला पाहायला पाहुणे येणार होते, आणि बिडीची कार्डं जमवणारी मुलगी म्हटल्यावर ते वेशीवरूनच परतले असते. मी म्हणालो, "मी."

तात्यांनी पळी खाली ठेवली, सोवळ्यातच माझ्या मुस्काटात मारली, आणि मला शिवल्यामुळे पुन्हा आंघोळीला गेले. आईने माझा सदरा हुंगून पाहिला. आंघोळ करून आल्यावर त्यांनी सगळी कार्डं मागवली. डबा आला. ती बंबात घालायच्या तयारीनेच ते बसले होते, पण एकेक पाहता पाहता त्यांचा हात रेंगाळला... ते स्वतः संस्थानच्या दिवसांपासून त्या टीमसाठी टाळ्या वाजवत आले होते. शेवटी म्हणाले, "बिडी सोड. चित्रं ठेव. पण तुझ्या कपाटात. मुलीच्या हातात मला ती दिसता कामा नयेत." असा त्या कार्डांचा मी मालक झालो. तोवर मी बिडीला हातही लावला नव्हता. मार खाल्लाच आहे तर म्हणून त्या आठवड्यात पहिली ओढली, आणि चाळीस वर्षं सुटली नाही.

इथपर्यंत मी वाईट केलं असं मला वाटत नाही. पुढचं ऐका.

कुसुम लग्न होऊन गेली ती नेमकी देवासला, त्या कारखान्याच्या गावात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिने कारखान्याच्या मुनीमजींच्या बायकोशी ओळख काढली. पहिल्या छपाईची कार्डं, रंग चुकला म्हणून बाजूला टाकलेली कार्डं, संस्थानच्या वेळच्या म्हाताऱ्या खेळाडूंची कार्डं, सगळी त्या ओळखीतून आली. भाऊबीजेला माहेरी यायची तेव्हा पदराआडून पाकीट काढायची आणि ओवाळणीचं ताट बाजूला सारून माझं कपाट उघडायची. अल्बम तिने आणला, चारही कोपऱ्यांना कागदी कोपरे लावून कार्डं तिने बसवली. मला हात लावू द्यायची नाही. "डिंक लावशील तर मागची बाजू मरेल, दादा. तू आपला चहा कर." मी चहा करायचो. संग्रहातलं माझं योगदान म्हणजे तो चहा आणि ते कपाट.

मी नोकरीतून निवृत्त झालो त्या सुमारास एक वार्ताहर घरी आला. निळी टीम बंद पडून जमाना झाला होता. त्याने अल्बम पाहिला आणि विचारलं, "हा छंद तुम्हाला कधीपासून?" एवढंच म्हणायचं होतं, माझ्या बहिणीचा आहे. ना तात्या राहिले होते, ना कोणी पाहुणे पाहायला येणार होते. मी म्हणालो, "लहानपणापासून." पुढच्या महिन्यात क्लबने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. मी भाषण केलं. कुसुम देवासहून मुद्दाम आली होती, बायकांच्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजवत होती. परतताना रिक्षात तिने माझी शाल नीट घडी करून ठेवली. मग म्हणाली, "दादा, बाबूला तू राइट-हाफ म्हणालास."

"म्हणालो का?"

"लेफ्ट होता तो. लोकांच्या लक्षात चुकीचं राहील."

भाषणातली तेवढी एक चूक तिने काढली.

पुढे एकदा मीच विषय काढला होता. ती हसून म्हणाली, "तात्यांचा मार तू खाल्लास, शाल तू घे." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं निवांत झोपलो. आता झोप लागत नाही. तिने माफ केलं हा तिचा मोठेपणा. त्यामुळे गावाला सांगितलेलं खोटं खरं होत नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने महेश माझ्या घरी अल्बम न्यायला आला. क्लबच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत तो कायमचा ठेवायचं ठरलं होतं.

"भाऊसाहेब, बोर्ड तयार आहे. नावपण टाकलं."

"कोणाचं?"

"तुमचंच. और किसका?"

"पुसून कुसुमचं टाका."

"कुसुम कोण?"

"जिच्या तेराव्याला तुम्ही भाषण केलंत ती."

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण दुःखाने म्हातारा बहकला आहे अशा नजरेने. मग त्याने अल्बमचं पहिलं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत माझं पूर्ण नाव, खाली 'यांचा संग्रह'.

"हे अक्षर कोणाचं, भाऊसाहेब?"

"तिचं."

"मग? ताईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. कमिटीला मी पुरावा काय दाखवू?"

मी त्याला विचारलं, इतकी वर्षं पुरावा काय होता? मी म्हणालो म्हणूनच ना? वार्ताहराने मागितला नाही, शाल घालताना तुम्ही मागितला नाही. या तोंडाचं खोटं बिनपुराव्याने चाललं, मग याच तोंडाच्या खऱ्याला पुरावा का? महेश बाहेर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला, "नहीं भिया, वो मान ही नहीं रहे." आत येऊन तडजोड मांडली: वर माझं नाव, खाली बारीक अक्षरात 'सौजन्य' म्हणून ताईंचं. मी म्हटलं, उलट करा. टांगेवाल्यांकडची दोन-चार माझी आहेत, तेवढ्यापुरतं सौजन्य माझं लिहा. ते कमिटीला पटलं नाही. बरं झालं. काचेची पेटी क्लबला लखलाभ, त्यात कॅरमचे कप शोभतील.

हा लेख लिहितो आहे हे कळल्यावर श्रीकांतचा फोन आला. "मामा, आईचं नाव आता बिड्यांशी जोडायचं का? लोक हसतील."

"हसू देत. बाळकृष्णाच्या फुलांतून तिने बिडीची कार्डं घरात आणली. एवढी हिंमत तुझ्यामाझ्यात मिळून नाही."

दुसऱ्या दिवशी मी अल्बम पिशवीत घालून देवासची बस धरली.

कुसुमच्या खोलीत काही हललेलं नाही. खिडकीतून टेकडी दिसते, खिडकीखाली शिवणयंत्र आहे. श्रीकांतची बायको रचना इथल्याच हिंदी घरातली. मराठी तिला समजतं, वाचताना अडखळते. तिने यंत्रावरचं कापड आवरून मला जागा करून दिली. मी पहिलं पान उघडलं. ते फाडावं असं मनात होतं, पण ते तिचं अक्षर होतं, माझा हात धजला नाही. मी त्याखाली पेनने लिहिलं: वरचं खरं नाही. ही सर्व कार्डं कुसुमने जमवली. लग्नानंतर ती सुनंदा झाली, तेव्हाही तिनेच जमवली. आणि खाली सही केली.

ज्यांना निळी टीम पाहायची असेल त्यांनी देवासला जावं. अल्बम तिथेच यंत्रावर राहील.

रचनाने तो उचलून खिडकीशी धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. "ही... सर्व कार्डं... कु...सु...म..." ती थांबली. "मामाजी, कुसुम... माँजी?"

मी मान हलवली. तिने ते नाव पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता. त्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाहेरच्या खोलीत श्रीकांतने टीव्हीचा आवाज बंद केला.