फ्रेंच पुस्तकावरचा श्रीकार

मुंबईत फ्रेंच पुस्तकं छापून पोट भरणारा मराठी माणूस त्या काळी मी एकटाच होतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. दुसरा कोणी असेल तर त्याने खुशाल पुढे यावं. प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर माझा छापखाना होता. दारावर मराठी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन ओळींची पाटी होती. तिसरी ओळ वाचता येणारं कुणी त्या गल्लीतून फिरकत नसे, पण मी ती दर सोमवारी स्वतः पुसत असे.

माझा जन्म मॉरिशसचा. आपले लोक त्या बेटाला मोरस म्हणत, आणि तिथून येणाऱ्या साखरेलाही मोरसच म्हणत. माझे वडील मजुरीचा करार करून रत्नागिरीकडून तिथल्या उसाच्या मळ्यावर गेले, ते तिथलेच झाले. राज्य इंग्रजांचं, पण मळेवाल्यांचं बोलणं आणि छापणं सगळं फ्रेंच. मी तिथल्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला शिकलो आणि खिळ्यांबरोबर भाषाही शिकलो. पंचविशी उलटल्यावर मनाने घेतलं, की वडिलांच्या देशात जायचं आणि आपल्या नावाने पुस्तक काढायचं. बोटीवर पोचवायला आलेले वडील म्हणाले, "पहिलं पुस्तक मला पाठव. वाचता यायचं नाही, पण हातात तरी धरीन."

वडिलांना एकच अक्षर येत असे, ते म्हणजे श्री. गावाकडे पत्र लिहून घ्यायचं असलं की लिहिणाऱ्याच्या हातातला टाक ते आधी मागून घेत आणि कागदाच्या माथ्यावर स्वतः श्री काढत. वाकडा, पोट सुटलेला श्री. मग टाक परत देऊन म्हणत, "हां, आता लिही."

मुंबईत उतरलो तो परळला, भोईवाड्यात, वडिलांच्या गावच्या एका माणसाच्या खोलीवर. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांची सगळी हयात मराठी छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली होती. आजूबाजूच्या सगळ्यांनी गिरणीत लाग म्हणून माझं डोकं खाल्लं. एकटे मामा म्हणाले, "तुझ्या पेटीत काय हाय ते दाव आधी." पेटीत मी मोरसहून आणलेले फ्रेंच खिळे होते, अक्षरांच्या डोक्यावर फ्रेंच उच्चारांच्या टोप्या आणि टिकल्या असलेले. मामांनी एक खिळा बोटांत फिरवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मालकाला नोकरी सोडत असल्याचं सांगून आले. मग आम्ही गिरगावात छापखाना काढला; तेव्हापासून घरी मी त्यांचा भाचा आणि छापखान्यात त्यांचा मालक.

मुंबईच्या कॉलेजांत फ्रेंच शिकणारे विद्यार्थी होते. त्यांची पुस्तकं बोटीने येत आणि बहुधा परीक्षा उलटून गेल्यावर येत. मी ठरवलं, यांच्यासाठी फ्रेंच वाचनपाठ आपण काढायचे. पाठ मीच लिहिले. मासळीबाजार, घोड्यांची ट्राम, वडाळ्याची मिठागरं, सगळं फ्रेंचमध्ये. ते विद्यार्थ्यांच्या हाती पडणं न पडणं एका माणसावर होतं. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कॉलेजात फ्रेंच शिकवणारे एक म्हातारे पाद्री होते, जन्माने फ्रेंच. ते ज्या पुस्तकाचं नाव घेत तेच सगळ्या कॉलेजांत चाले.

त्यांनी मला विचारलं, "तुमचे वडील काय करतात?"

"ऊस तोडतात."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "पुस्तक छापून आणा. एक जरी चूक सापडली तरी मी विद्यार्थ्यांना नाव सांगणार नाही."

मी म्हटलं, "सापडणार नाही." असं बोलायची मला खोडच होती. पण परत येताना मला पक्कं माहीत होतं, की हे पुस्तक नाकारलं गेलं तर पाटी उतरवायची आणि मोरसची बोट धरायची. उसाच्या मळ्यावर जाऊन वडिलांना काय तोंड दाखवणार होतो?

मामांचा एक रिवाज होता. कुठल्याही पुस्तकाचा पहिला फर्मा, म्हणजे यंत्रावर चढवायची जुळवलेली पानं, ते श्रीशिवाय बांधत नसत. माथ्यावर श्री बसवायचा, एक कागद छापून काढायचा, त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा. काम मराठी असेल तर श्री तसाच राहायचा. इंग्रजी असेल तर तो काढून मग पुढचं छापायचं. माझ्या फ्रेंच पुस्तकालाही त्यांनी तेच केलं. तो कुंकू लागलेला कागद मी घेतला आणि तीन वेळा वाचला. दोन खिळे माझ्या हाताने बदलले आणि सगळ्यांना दरडावून सांगितलं, "आता या फर्म्याला कोणी हात लावायचा नाही." माझ्या टोप्या-टिकल्या हलतील ही मला भीती.

पुस्तक बांधून आलं. पहिली प्रत माझ्या हाती देत मामा कौतुकाने म्हणाले, "श्रीकार काय झ्याक उठलाय बघा!"

मी पान उघडलं. पहिल्या फ्रेंच पाठाच्या माथ्यावर ठसठशीत श्री. एका प्रतीवर नाही, सगळ्या प्रतींवर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांना मी नाही नाही ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मालक, तुमीच सांगितलंत, हात लावायचा नाय. मला वाटलं, तुमाला ठेवायचाच हाय."

खरं होतं ते. तीन वेळा वाचूनही मला तो दिसला नव्हता. जन्मापासून घरातल्या प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मी श्री पाहिला होता. तो असला की कागद मला पूर्ण वाटायचा, त्याच्याकडे वेगळं बघायचं कशाला? चूक माझी होती, आणि ती कबूल करायला मला संध्याकाळ झाली.

नवं पान छापायला कागद उरला नव्हता, कॉलेज उघडायला चारच दिवस राहिले होते. मी म्हटलं, वर पांढरी चिठ्ठी डकवू. मामा म्हणाले, "तुमी डकवा. माझ्यानं व्हायचं नाय." मी एका प्रतीवर डकवून पाहिली. पातळ कागदातून श्री आणखीच डोळ्यांत भरायला लागला. ती प्रत बाजूला टाकली, दुसरी घेतली आणि ट्राममध्ये बसलो. वाटेत ठरवलं, नक्षी आहे म्हणून सांगायचं. त्यांना कुठे देवनागरी येतंय!

पाद्रींनी पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तासभर मी समोर बसून होतो. मिठागरांच्या पाठाला ते एकदा हसले. शेवटी पहिलं पान आलं आणि त्यांनी श्रीवर बोट ठेवलं.

"हे काय? चूक?"

नक्षी हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण त्यांच्या बोटाखाली मला वडिलांचा हात दिसला आणि मला माझीच लाज वाटली.

"ते काढायचं राहिलं, ही माझी चूक," मी म्हणालो. "आम्ही यानेच लिहायला सुरुवात करतो. माझ्या वडिलांना एवढं एकच अक्षर येतं."

त्यांनी श्रीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "माझ्या गावी मुलांच्या अक्षरांच्या पुस्तकात पहिल्या अक्षराच्या आधी क्रूस छापलेला असे. आधी क्रुसाचं नाव घ्यायचं, मग अक्षरं म्हणायची." त्यांनी कागद ओढून शिफारस लिहिली. ती माझ्या हाती देताना बजावलं, "फ्रेंचमध्ये चूक नाही. पण पुढच्या आवृत्तीत हे नको."

मी मान डोलावली. त्या वेळी मी कशालाही मान डोलावली असती. गिरगावात येऊन आधी मामांच्या पाया पडलो.

वर्षभरात पुस्तक संपलं. दुसऱ्या आवृत्तीचा फर्मा जुळत होता, तेव्हा मोरसहून पत्र आलं. माथ्यावर तोच वाकडा, पोट सुटलेला श्री. खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात चारच ओळी होत्या: पुस्तक पोचलं. सगळ्या मळ्याला दाखवलं. तू म्हणाला होतास, फ्रेंचमध्ये आहे. पण वरचं पहिलं अक्षर मी माझं मी वाचलं.

मी पत्र मामांना वाचून दाखवलं. मामांनी डोळे पुसले, नारळ फोडला, कागदाला कुंकू लावलं आणि श्रीचा खिळा उचलायला चिमटा हातात घेतला.

"पाद्रीसायबाला शब्द दिलाय तुमी. काढू ना?"

"रागावले तर मी बघून घेईन," मी म्हणालो. "त्याला हात लावायचा नाही."