घळीच्या टोकावरचा कॅमेरा

कॅमेरा आंब्यापेक्षा जड असतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. (मी रत्नागिरीच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. ही गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ नये, एवढीच विनंती.)

झालं असं की, माझ्या पुतणीचा, सायलीचा, साखरपुडा मे महिन्यात पावसला दादाच्या घरी ठरला आणि नेमका तिचा बाप, म्हणजे माझा मोठा भाऊ, जहाजावर अडकला. दादा जहाजावर इंजिनिअर. त्याच्या जागी येणारा माणूस वेळेवर पोचला नाही, म्हणून याला उतरता येईना. तिथलं इंटरनेट असं, की फोनच्या पडद्यावर माणसाचं नाक आलं की कान येईपर्यंत आपला चहा पिऊन होतो. तेव्हा साखरपुडा थेट दाखवणं शक्यच नव्हतं.

"सुध्या, गेल्या सुट्टीत आणलेला माझा कॅमेरा कपाटात आहे," दादा म्हणाला. "सगळं नको काढूस. फक्त अंगठी घालतानाचं नीट काढ. तेवढं मला बघायचंय रे." मला भरून आलं, आणि भरून आलं की मी नको त्या जबाबदाऱ्या घेतो.

"दादा, तू काळजीच करू नकोस!"

कॅमेरा हातात घेतला आणि काळजी मीच सुरू केली. त्याला मिररलेस म्हणतात. म्हणजे आत आरसा नाही. तो का नाही आणि पूर्वी का होता, हे मला अजूनही कळलेलं नाही. एवढंच कळलं की वस्तू महाग आहे, नाजूक आहे आणि माझ्या हातून आजवर घरातल्या अकरा कपबशा फुटल्या आहेत.

मग मी इंटरनेटवर बसलो. तिथे जाणकार सांगत होते की, कॅमेऱ्याला आधी केज घाला. केज म्हणजे धातूची चौकट, कॅमेरा पडला तर मार तिने खायचा. या चौकटीला वर मूठ, बाजूला दांड्या, दांड्यांना शिकंजे, शिकंज्यांना स्क्रू. मी गोंधळून तीन वेगवेगळ्या केज मागवल्या. खोकी आली तेव्हा आमच्या हिला वाटलं, मी सुटी सायकल मागवली! त्यातला एक स्क्रू कुठेच बसला नाही. तो अजून माझ्या खिशात असतो.

आता तिघींतली चांगली कुठली? परीक्षा घेतल्याशिवाय मास्तरला चैन कसं पडणार? मी वहीत रकाने आखले. पण दादाचा कॅमेरा आपटून बघायचा धीर होईना. तेवढ्यात समोरच्या पेटीकडे लक्ष गेलं. हापूस! आकाराने साधारण कॅमेऱ्याएवढा, आणि त्याहून जपायची दुसरी वस्तू रत्नागिरीकराला ठाऊक नाही. मी आंबा केजमध्ये घट्ट बांधला आणि पडवीच्या पायरीवरून सोडला.

"अहो, हे काय चाललंय?" ही बाहेर आली.

"चाचणी. आंब्याला डाग पडला तर केज नापास."

"आणि आंबा?"

"आंबा रसाला."

पहिल्या केजमध्ये आंबा फुटला. दुसरीतून तो निसटला आणि गडगडत शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेला. तिसरीत मात्र देठसुद्धा हलला नाही! मी वहीत शंभरपैकी ब्याण्णव गुण लिहिले.

"पण अहो," ही म्हणाली, "कॅमेरा आंब्यापेक्षा जड नाही का?"

मी वही मिटली. पुढचे चार दिवस आमच्याकडे दोन्ही वेळा आमरस होता.

साखरपुड्याच्या सकाळी पावसला नवाच घोळ झाला. दादाच्या अंगणात जांभ्याचे चिरे वरखाली झालेले. तिपाईचे तीन पाय तीन उंचींवर! शिवाय पाहुण्यांची डोकी मध्ये येणार. चित्रीकरण वरून करायला हवं होतं. एवढ्यात गणूतात्या दिसले. हे दादाच्या बागेत चाळीस वर्षं आंबे उतरवतात. आंबे उतरवायची घळ, म्हणजे टोकाला जाळी आणि पातं असलेली लांब काठी, त्यांच्या हातात असली की टोक तसूभर हलत नाही. एवढा स्थिर हात कुठल्या तिपाईला असणार?

मी केज शिकंज्याने जाळीच्या तोंडाशी आवळली.

"मास्तर, जाळी न् पातं काढू काय?" तात्यांनी विचारलं.

"छे, छे! कॅमेरा निसटलाच तर जाळीत पडेल."

"न् पातं?"

"जाळी आहे तर पातंही असू दे." (हे मी का म्हणालो, ते मला अजून सापडलेलं नाही.)

बिनतारी मायक्रोफोन सायलीच्या पदराला लावला. मांडव दारच्या आंब्याच्या कलमाच्या सावलीत होता. भटजींनी खूण केली, नवऱ्या मुलाने अंगठी उचलली, आणि मी खालून ओरडायला लागलो.

"तात्या, वर! अजून वर! जरा डावीकडे! डावीकडे हो! हां, आता!"

कट्!

झाडाखाली उभा राहून 'वर, जरा डावीकडे, आता' असं ओरडणाऱ्या माणसाचं ऐकायचं, हेच तात्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. त्यांनी आज्ञा पाळली. मांडवावर लोंबणारा, रंग धरलेला आंबा देठासकट जाळीत आला. सवयीने त्यांनी घळ अलगद खाली घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"ह्यो काय, मास्तर! काय फळ हाय!"

"तात्या! अंगठी! अंगठी!" मी किंचाळलो.

तात्यांनी घाबरून जाळीत हात घालून अंगठी शोधली. तोवर तिकडे टाळ्या वाजून पेढे फिरले होते.

"परत एकदा घालता का?" मी जावईबापूंना काकुळतीने विचारलं.

"घातलेली अंगठी काढायची?" त्यांची आत्या कडाडली. "काहीतरीच काय बोलता!"

वहिनी हसऱ्या चेहऱ्याने जवळ आली. "भाऊजी, आलं ना हो नीट?"

मी मान हलवली. कुठल्या दिशेला, ते मलाही कळलं नाही. त्या दिवशीइतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी येऊन व्हिडिओ पाहिला. पानं. आणखी पानं. एक आंबा जवळ येतो. जाळी. आणि मग चार मिनिटं पडदाभर माझं उघडं तोंड! कॅमेऱ्याला ओरखडा नव्हता. केज शंभरात शंभर! अंगठी शून्य. माझा आवाज ऐकवेना म्हणून मी तो बंद करूनच सगळं पाहिलं. नुसत्या पानांपेक्षा काहीतरी बरं जावं म्हणून बाकीच्यांच्या फोनमधले फोटो जोडले आणि दादाला पाठवून दिलं. दोन दिवस फोन नाही. माझ्या घशाखाली रससुद्धा उतरेना.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

"सुध्या, तू आवाज लावून ऐकलंस का रे? पानं दिसतात तेव्हा?"

"नाही."

"सायली विचारते, 'आई, बाबांना दिसेल ना गं हे सगळं?' आणि तुझी वहिनी म्हणते, 'दिसेल. भाऊजी काढतायत ना!'"

मी डोळे पुसले. मग पलीकडून खुसखुस ऐकू आली आणि बघता बघता तो खो खो हसायला लागला.

"तुझं तोंड इथे सगळ्या जहाजाने पाहिलंय! बरं, ऐक. लग्नाला मी येतोय. कॅमेरा तात्यांकडे दे."

"आणि मी?"

"तू आंबे उतरव."

लग्न डिसेंबरात आहे. डिसेंबरात कलमाला मोहर असतो, आंबा एकही नसतो.