अर्ध्या डोक्याचा नवरामुलगा

ओकुनासे स्टेशनात रेल्वेचा माणूस असा कुणी उरलाच नव्हता. होती ती तोमिएकाकू. जुन्या स्टेशनमास्तरच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान होतं. त्या बदल्यात तिकिटं विकायची, फलाट झाडायचा आणि थंडीत बर्फ ओढायचा, असं कंपनीशी ठरलेलं. रूळ तिच्या खिडकीपुढेच संपत. त्यापुढे मातीचा ढिगारा, आणि मग सरळ डोंगर.

काकूचा हात चांगला होता, पण तोंड हाताच्या पुढे धावायचं. गोष्ट रंगली की कात्री हवेतच राहायची. नुसती दाढी करायला आलेला माणूस गावातली निम्मी भांडणं ऐकून बाहेर पडायचा.

तिचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे गाडीचा चालक कुझुमी. एका डब्याची ती गाडी परत फिरण्याआधी अर्धा तास थांबायची, तेवढ्यात तो केस कापून घ्यायचा. सिग्नलकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात "सिग्नल हिरवा!" म्हणणारा हा चाळिशीचा ब्रह्मचारी माणसांपुढे मात्र "हं"च्या पुढे जात नसे. त्याचं लग्न जमवायचंच, असा काकूने चंग बांधला होता. शेवटी तिने स्थळ काढलं. लाइनच्या दुसऱ्या टोकाला, हिरासे गावात, मांजू नावाच्या मिठाईचं दुकान होतं. तिथली मुलगी चिगुसा.

बघण्याचा कार्यक्रम ठरला तो नोव्हेंबरातल्या एका दुपारी. कुझुमीने गाडी हिरासेला न्यायची, ड्युटी संपवायची आणि स्टेशनसमोरच्या खाणावळीत चिगुसाला आणि तिच्या आईला भेटायचं.

"आज हलायचं नाही, कुझुमी-सान," त्याच्या गळ्याभोवती कापड बांधत काकू म्हणाली. "तुमचं डोकं म्हणजे आज माझी अब्रू आहे."

"हं."

"आणि तिथे 'हं' करत बसू नका. काहीतरी बोला. निदान हवेबद्दल."

"हवेबद्दल काय बोलू?"

"गार आहे म्हणा! त्यात काय डोकं लागतंय?"

उजवी बाजू झकास झाली. तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीवर टकटक झाली. मुळ्यांची जुडी काखोटीला मारून गोन्शिची म्हातारा उभा होता.

"एक हिरासे द्या. आज कुणाचं काय विशेष?"

"बघायला चाललेत. मांजूवाल्यांची चिगुसा."

"अरे देवा! तिची आई माहितीय ना? माझ्या मेहुण्याला तिने नकार दिला होता. कशावरून, सांगा."

"कशावरून?" काकू अर्धी खिडकीबाहेर आली.

"कानांवरून!"

"कान? म्हणजे मोठे होते?"

"मोठे? वारा सुटला की टोपी नाही, कान धरायचा तो!"

पुढे मेहुणा, त्याचे कान, त्याने नंतर केलेलं लग्न, त्या बायकोचे कान, असं सगळं निघालं. मागून दोनदा "हं" ऐकू आलं, ते काकूच्या गावीही नव्हतं. शेवटी कुझुमी खुर्चीतून उठला.

"वेळ झाली," तो म्हणाला.

काकूने वळून पाहिलं. उजवी बाजू तळहातासारखी स्वच्छ, डावीवर जंगल.

"पाच मिनिटं थांबवा की गाडी!"

आईला विकून या म्हटल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं. "गाडी नाही थांबत, काकू." टोपी डोक्यावर चढवून तो चालू लागला.

काकूने कात्री, कंगवा, कापड उचललं आणि त्याच्यामागे धावली.

"अहो, माझं तिकीट!" गोन्शिची ओरडला.

"आधी चढा!"

वाटभर म्हातारा तिला सल्ले देत होता. "माय-लेकींना त्यांच्या उजवीकडेच बसवा. नाहीतर सांगा, मुंडण करायचं होतं, मध्येच लग्नाचा विचार आला."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाली. हिरासेला उतरताच त्याला एखाद्या कोपऱ्यात गाठायचं आणि पाच मिनिटांत उरकायचं, असा तिचा बेत होता.

पण गाडी थांबली तर माय-लेकी फलाटावरच उभ्या! कुझुमी उतरला. चिगुसाच्या आईने वाकून नमस्कार केला. चांगल्या वळणाचा माणूस तो. त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकला. सगळं डोकं बाईंच्या थेट नाकासमोर आलं.



"हल्ली... असं ठेवतात का?" बाईंनी विचारलं.

कुझुमीने तोंड उघडलं. काकूने डोळे मिटले.

"हवा गार आहे," तो म्हणाला.

चिगुसाला असं हसू फुटलं की तिने खांब धरला. आईने तिचा दंड ओढला. "चल घरी. थट्टा चाललीय आपली."

"थट्टा नाही हो," काकू पुढे आली. "त्यांची काही चूक नाही. माझ्या तोंडाची आहे."

"आई," चिगुसा डोळे पुसत म्हणाली, "अर्धाच माणूस बघून कसं जायचं? बाकीचा तर बघू दे."

मग फलाटावरच्या बाकावर कुझुमीला बसवलं. गोन्शिची मुळे सांभाळत देखरेखीला उभा राहिला. शाळकरी पोरी थांबून बघू लागल्या. काकूने आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून चकार शब्द न काढता केस कापले, आणि ते तिला इतकं जड गेलं की कपाळावर घाम आला. चिगुसाची आई आधी पाठ फिरवून उभी होती. मग हळूहळू जवळ सरकली. "मागे अजून थोडं राहिलंय," ती म्हणाली. आणि मग अगदी हलक्या आवाजात, "कान मात्र बरे आहेत."

पुढच्या वसंतात लग्न झालं. "ते ऐकून घेतात, काकू," चिगुसा सांगते. "आमच्या घरात ऐकणारं कुणी नव्हतंच."

आता कुझुमीचे केस घरीच कापले जातात. कापते चिगुसा, आणि भयंकर कापते. रोज दुपारी गाडीतून ते डोकं उतरतं, काकूच्या खिडकीपुढून जातं, टोपी काढून अदबीने वाकतं. काकू बघते, हातातली कात्री खाली ठेवते आणि म्हणते, "छान. फारच छान दिसतंय हो."

"हं," कुझुमी म्हणतो आणि लाजतो.