कुणी पडलं तर जागचं हलायचं नाही

आठच्या आठ जण पाण्यात पडले होते आणि खदाखदा हसत होते. मी काठावर उभा राहून बोंबलत होतो, "अरे, हसताय काय? नदी असती तर आत्ता मेला असतात!"

पाणी कमरेएवढं होतं, म्हणून निभावलं. शिवाजी पार्कच्या बाजूला ओळखीच्या एकाचा स्विमिंग पूल आहे. सोमवारी तो बंद असतो, तेव्हा मी प्रॅक्टिससाठी मागून घेतो. आमची रबरी राफ्ट तिथे उतरवायची, पोहता न येणाऱ्यांना लाइफ जॅकेट घालून तिच्यात बसवायचं आणि नदीवर नेण्याआधी चार गोष्टी शिकवायच्या, हे माझं काम. अर्धं आयुष्य मी राफ्टिंग गाइड होतो. गुडघे गेले तशी कंपनीने मला लोअर परळच्या ऑफिसात आणून सेफ्टी ट्रेनर केलं.

आमची जाहिरातच आहे, पोहता येत नाही? बिनधास्त या. लोकांना वाटतं, ही थाप आहे. थाप नाही. जॅकेट तुम्हाला तरंगवतं, गाइड तुम्हाला बाहेर काढतो. तुम्हाला फक्त सांगितलेलं ऐकता आलं पाहिजे. पोहणारेच जास्त ताप देतात. जॅकेट सैल करतात, शायनिंग मारतात. न पोहणारा बिचारा घाबरलेला असतो, म्हणून ऐकतो. इतकी वर्षं मी हे सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो. मग नायगावची ही मंडळी आली.

नायगावच्या बीडीडी चाळीतला एक मजला. चाळ पाडून टॉवर होणार होता. खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि टॉवरमध्ये कोणाला कुठला मजला मिळेल ते लॉटरीत ठरणार होतं. म्हणजे शेजार मोडणार, हे नक्की. दरवर्षी ही माणसं लोणावळ्याला जाऊन भजी खाऊन यायची. या वेळी शेवटची पिकनिक म्हणून राफ्टिंग ठरलं, आणि ते ठरवलं सुशीलामावशींनी.

मावशींनी साठी ओलांडली होती. एका मोठ्या हॉस्पिटलात आयाबाई म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन विरारला. मजल्यावर कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचं बीपी वाढलं की पहिली हाक मावशींना. नातवाने मोबाइलवर राफ्टिंगचा व्हिडिओ दाखवला आणि बाईंनी जे मनात घेतलं ते घेतलं.

पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सर, जन्मभर लोकांची बेडपॅनं धुतली. नळाचं सोडून दुसरं पाणी अंगावर घेतलं नाही. एकदा मला त्या लाटेतून जाऊ द्या. मग खुशाल टॉवरात नेऊन कोंडा."

मला ही बाई आवडली. तिला नदीवर न्यायचंच, असं मी मनाशी ठरवलं.

आता अडचण काय होती, ते सांगतो. राफ्टमधून माणूस पडणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. तो पडला की त्याच्या शेजारच्या एकट्यानेच त्याला जॅकेटच्या खांद्याला धरून आत ओढायचं. बाकीच्यांनी पाय राफ्टच्या खाचेत अडकवून जागेवर बसून राहायचं. सगळे एका बाजूला धावले की राफ्ट त्या बाजूला कलते आणि नदीचं जोरदार पाणी तिला उलटी करतं. एकाला वाचवायला जाऊन आठ जण पाण्यात, आणि आठही न पोहणारे, एकमेकांच्या गळ्यात पडणारे. म्हणून माझ्या ब्रीफिंगचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. कुणी पडलं तर जागचं हलायचं नाही.

आमचा गाइड नीलेश मासा आहे नुसता. तो सांगून सवरून पडायचा. "आता मी पडणार हां," असं म्हणून पडायचा. तरीसुद्धा हे लोक, "अगो बाई, पडला, पडला! धरा त्याला!" म्हणत सगळे त्याच बाजूला. राफ्टची कड खाली, सगळे धबाधब पाण्यात. एकदा तर त्यांनी नीलेशला केसाला धरून वर काढला. बिचारा पाण्याने नाही, ओढाताणीने अर्धमेला झाला.

मी शांतपणे सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, हात जोडले. पुन्हा राफ्ट, पुन्हा नीलेश, पुन्हा आपटी.

प्रदीप म्हणून त्यांचा पुढारी होता. बस डेपोत कामाला, चाळिशीचा, शब्दाला पक्का माणूस. तो ओलाचिंब होऊन माझ्याजवळ आला.

"सर, आम्ही मुद्दाम नाही करत. पाय आपोआप उठतात."

"उठतात म्हणजे काय? पाय तुझेच ना?"

"तुम्ही चाळीत राहिला नाहीत का कधी?"

"लालबागला जन्म गेला माझा. मला नको शिकवू."

"मग तुम्हाला माहीत आहे ना? आमच्याकडे मोरीत पातेलं पडलं तरी चार दारं उघडतात. माणूस पडल्यावर बसून राहा म्हणता, ते कसं जमणार?"

मी जास्तच चिडलो. "पाण्यात चाळ घेऊन जाता येत नाही, प्रदीप," म्हणालो आणि चेंजिंग रूमकडे निघून गेलो.

ऑफिसात आमच्या मॅनेजर मॅडमना सांगितलं, हा ग्रुप मला नदीवर न्यायचा नाही. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण हुशार.

"सावंत सर, इतकं निगेटिव्ह का? सोप्या स्ट्रेचवर न्या."

"सोपा म्हणजे लाटा लहान. पाण्याचा ओढा तोच. धरणातून सोडलेलं पाणी आहे ते, आपल्यासाठी हळू येत नाही. ही माणसं एकमेकांना बुडवतील."

"मग मिक्स करा ना! प्रत्येक राफ्टमध्ये यांचा एकेकच, बाकी दुसऱ्या ग्रुपचे. अनोळखी माणसासाठी कोण उठतंय?"

खोटं कशाला बोलू, आयडिया झकास होती. मला का सुचली नाही याचं वाईट वाटलं. लगेच प्रदीपला फोन लावला. मॅडमची आयडिया त्याला सांगितली.

"सर, लॉटरीवाले पण हेच करणार आहेत आमचं. मिक्स. शेवटचं एकत्र जायचं म्हणून पिकनिक काढली, आणि तिथेही तुम्ही आम्हाला वाटूनच टाकणार?"

फोन मागून कुणीतरी ओढून घेतला. मावशीच होत्या. "सर, त्याचं ऐकू नका. मी बसते परक्यांत. बाकीचे पण बसतील, मी सांगते त्यांना. नदीत वेगळं बसू, काठावर एकत्र जेवू. झालं!"

पुढच्या सोमवारी मी ऑफिसातली चार-पाच माणसं पूलवर आणली. मावशींनी त्यांतल्या एकालाही कधी पाहिलं नव्हतं. मावशींना त्यांच्यात बसवलं. मजल्यावरचे बाकीचे काठावर उभे होते. मावशी पास झाल्या की ते सगळे मिक्स व्हायला तयार होते. मावशींनी डोळे मिटून घेतले आणि पुटपुटत राहिल्या, "हलायचं नाही, हलायचं नाही." मी मनात म्हटलं, बसा हो मावशी, एवढं एकदा बसून राहा.

अकाउंट्समधला एक जण ठरल्याप्रमाणे उजवीकडून पडला.

मावशी डावीकडे होत्या. त्यांनी डोळे उघडले, हातातलं वल्हं फेकलं आणि राफ्ट ओलांडून थेट त्याच्यावर उडी घेतली. उडीच म्हणायची ती. त्याची कॉलर मुठीत, दुसरा हात त्याच्या मानेभोवती. स्वतः घाबरलेल्या, त्यामुळे मिठी सुटेना. तो धडधाकट माणूस त्या कमरेएवढ्या पाण्यात खाली गेला आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला. नीलेशने दोघांना सोडवलं. या खेपेला काठावर कुणीही हसलं नाही.

"मावशी, तो तुमचा कोणी नव्हता हो!" मी ओरडलो.

"नव्हता म्हणून काय झालं?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "माणूस पडला ना?"

मी तिथेच सांगितलं, जमणार नाही. ट्रिप कॅन्सल. प्रदीप मध्ये बोलायला आला, त्यालाही हाताने थांबवलं. त्यांना शिव्या देऊन मोकळा झालो असतो तर बरं वाटलं असतं, पण शिव्या द्यायला काही नव्हतंच. चांगल्या माणसांना चांगुलपणापायी नापास करायचं, असलं घाणेरडं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

मावशी पायरीवर बसून जॅकेटचं बक्कल काढायला लागल्या. ओलं बक्कल निघेना. मी खाली वाकून काढून दिलं.

"रागावलात, सर?"

"नाही हो. टॉवरमध्ये स्थिरस्थावर झालात की फोन करा. पुन्हा प्रॅक्टिस करू. मी स्वतः नेईन तुम्हाला, माझ्याच राफ्टमध्ये."

"या वयात मोडते का हो सवय?"

"मोडते, मावशी. सगळ्या सवयी मोडतात."

त्या मान हलवून उठल्या, केसांतलं पाणी पिळलं आणि माझ्यासाठी डब्यातून आणलेल्या तिखट शंकरपाळ्या हातात ठेवून गेल्या. ती मंडळी त्या वर्षी पुन्हा लोणावळ्यालाच गेली.

मी तो निर्णय बरोबरच घेतला होता. आजही तोच घेईन. नदीवर नेलं असतं तर किमान एक तरी प्रेत बाहेर काढावं लागलं असतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलंय.

चाळ पाडली. पुढे टॉवर उभा राहिला, चाव्या मिळाल्या. मावशींचा फोन आला नाही. मीही केला नाही. रोज नवे ग्रुप, नव्या तारखा, राहून गेलं. मग एके दिवशी प्रदीपचा फोन आला, मावशी गेल्या म्हणून. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला या, म्हणाला.

टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, दोन जण बोलले. खुर्च्या भरपूर, माणसं लांब लांब बसलेली. पूलमध्ये एकमेकांच्या अंगावर पडणारी तीच माणसं, पण मला निम्मी ओळखूच आली नाहीत. मावशींची मुलगी समोर बसली होती. तिला हात जोडले.

कार्यक्रमानंतर प्रदीप मला लिफ्टपाशी घेऊन गेला.

"सकाळी बाथरूममध्ये पडल्या, सर. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना. संध्याकाळी मुलगी विरारहून आली, फोन उचलत नाहीत म्हणून. तेव्हा दार फोडलं. हॉस्पिटलात नेलं, पण तिथून काही परत आल्या नाहीत."

"दिवसभर? आणि कुणाला काहीच कळलं नाही?"

त्याने लिफ्टचं बटण दाबलं.

"माझ्या डोक्यावरचाच फ्लॅट त्यांचा, सर. लॉटरीत नशिबाने तो मिळाला होता, केवढा आनंद झाला होता आम्हाला. मी ड्युटीवर निघायच्या तयारीत होतो. वर धप्पकन आवाज आला. बायकोनेही ऐकला. ती म्हणाली, काय पडलं बघा जरा. मी म्हटलं, कुणाचं कपाट सरकवत असतील. नाहीतर त्यांच्या शेजारचे आहेतच की. शेजारच्यांना वाटलं, खालचे आहेत." त्याने डोळे पुसले. "त्या हाका मारत असणार, सर. मावशींचा आवाज चाळीत पार रस्त्यापर्यंत जायचा. इथली दारं फार चांगली आहेत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"तुम्ही केवढे ओरडला होता आम्हाला," प्रदीप म्हणाला. "कुणी पडलं तर जागचं हलायचं नाही. तेव्हा जमलं नाही, सर. आता जमतं."

लिफ्ट आली, तो आत गेला, दार बंद झालं. मी चालत दादरला आलो, बसमध्ये बसवेना म्हणून. रस्ताभर मला तो पूल दिसत होता आणि वल्हं फेकून उठलेली ती बाई दिसत होती. मी रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

माझं काम तेच चालू आहे. सोमवारी पूल, रबरी राफ्ट, न पोहणारी माणसं. हल्लीचे ग्रुप पहिल्याच खेपेला पास होतात. नीलेश पडतो, त्याच्या शेजारचा त्याला ओढतो, बाकीचे जागेवर गप्प बसून राहतात. काही जण त्याचा व्हिडिओ काढतात. मॅडम खूश आहेत.

ब्रीफिंगचं पहिलं वाक्य मी बदललेलं नाही. ते बदलून चालणार नाही, नदी तीच आहे. फक्त त्याच्यापुढे आता एक वाक्य जोडतो. हा नियम बोटीपुरता आहे, काठाला लागलात की विसरायचा.

लोक हसतात. त्यांना तो जोक वाटतो. मी मान खाली घालून एकेकाचं बक्कल तपासत पुढे जातो.